अनुदान गाडीला की गाडी चालवणाऱ्याला?

१६ डिसेंबर २०२३ हा शनिवार होता. त्या दिवशी जर्मन सरकारनं जाहीर केलं, की इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर मिळणारा ‘पर्यावरण बोनस’ उद्या, रविवारी रात्री बंद होईल. सोमवारपासून अर्ज घेतले जाणार नाहीत. योजना २०२४मध्येही चालू राहील, असं सगळे धरून चालले होते. पण महिनाभर आधी तिथल्या घटना न्यायालयानं सरकारची ६० अब्ज युरोंची एक तरतूद रद्द ठरवली होती, आणि बोनसचे पैसे ज्या हवामान निधीतून यायचे त्या निधीलाच भगदाड पडलं होतं.

यात खरी गोम अर्जाच्या अटीत होती. गाडीची नोंदणी झाल्याशिवाय बोनससाठी अर्जच करता येत नसे. म्हणजे ज्यांनी गाडी बुक केली होती, कर्ज मंजूर करून घेतलं होतं आणि कारखान्यातून गाडी कधी सुटते याची वाट बघत होते, त्यांच्या हातात त्या शनिवारी काहीच नव्हतं. साडेचार हजार युरोंपर्यंतची सरकारी मदत गृहीत धरून त्यांनी हप्त्यांचं गणित मांडलं होतं. ते गणित एका रात्रीत कोलमडलं.

पुढे जे झालं ते मला जास्त बोलकं वाटतं. काही कंपन्यांनी लगोलग जाहीर केलं, की बुकिंग केलेल्यांना सरकारी वाटा आम्हीच देऊ. ग्राहकांना हायसं वाटलं असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण जी रक्कम कंपनी दोन-चार दिवसांत स्वतःच्या खिशातून सोडायला तयार होते, ती रक्कम सरकार सात-साडेसात वर्षं नेमकी कोणासाठी भरत होतं? २०१६पासून या योजनेवर सुमारे १० अब्ज युरो खर्च झाले आणि जवळपास २१ लाख गाड्यांना बोनस मिळाला. बोनस गेल्यावर २०२४मध्ये जर्मनीतली नव्या इलेक्ट्रिक गाड्यांची नोंदणी २७.४ टक्क्यांनी घसरली. सुमारे ५ लाख २४ हजारांवरून ३ लाख ८१ हजारांवर आली.

या आकड्याचे दोन अर्थ लावले जातात. अनुदानाचे समर्थक म्हणतात, बघा, अनुदान काढलं आणि बाजार बसला, म्हणजे अनुदान हवंच. विरोधक म्हणतात, बघा, एवढे पैसे ओतूनही बाजार स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही. हे दोघंही शोरूमच्या दारात उभे राहून वाद घालतात. गाडी दाराबाहेर पडल्यावर ती किती धावते, कुठे चार्ज होते, कोणाच्या हातात असते आणि पाच वर्षांनी कोणाच्या हातात जाते, याकडे दोघांचंही लक्ष नसतं. माझा आक्षेप इथे आहे. इलेक्ट्रिक गाड्यांना सरकारनं मदत करावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती मदत खरेदीच्या क्षणाला चिकटवली आहे, आणि गाडीचा फायदा मात्र चालवण्यात आहे, ही या योजनांची मुळातली चूक आहे असं मला वाटतं.

हे नुसतं शब्दांचं खेळणं नव्हे. इलेक्ट्रिक गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या डोक्यावर कर्ज असतं. बॅटरी बनवताना बरीच ऊर्जा लागते, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा तिच्या निर्मितीत कार्बनचं उत्सर्जन जास्त होतं. हे कर्ज फिटतं ते रस्त्यावर, एकेका किलोमीटरनं. रोज साठ-सत्तर किलोमीटर धावणारी गाडी ते लवकर फेडते आणि मग उरलेलं आयुष्य नफ्यात घालवते. आठवड्यातून दोनदा बाजारहाटाला बाहेर पडणाऱ्या गाडीचं कर्ज फिटायला वर्षानुवर्षं लागतात. अनुदान मात्र दोघींना सारखंच मिळतं. किंबहुना दुसरीची बॅटरी मोठी असेल तर काही योजनांमध्ये तिलाच जास्त मिळालं आहे. अमेरिकेच्या जुन्या करसवलतीत रक्कम बॅटरीच्या क्षमतेवर ठरत असे, आणि चीननं बराच काळ रेंजप्रमाणे अनुदान दिलं. गाडी किती दूर जाऊ शकते याला पैसे होते. ती खरंच किती जाते, हे कोणी विचारलं नाही.

मग ही मदत कोणाच्या पदरात पडली? अमेरिकेत २००८-०९पासून इलेक्ट्रिक गाडीच्या खरेदीवर ७,५०० डॉलरपर्यंत प्राप्तिकरात सूट होती. ऐकायला छान वाटतं. पण सूट करातून वजा व्हायची, आणि ज्याचा वर्षाचा करच तीन हजार डॉलर असेल त्याला तीन हजारांचीच सूट मिळायची. उरलेली रक्कम वाया. शिवाय आधी पूर्ण किंमत भरायची आणि पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर पैसे मिळायचे. हातात पैसा खेळता असलेल्याला हे परवडतं. सेव्हरिन बोरेन्स्टाइन आणि लुकस डेव्हिस या अर्थतज्ज्ञांनी २००६ ते २०१२ या काळातल्या करविवरणांचा अभ्यास केला, तेव्हा इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या सवलतीपैकी सुमारे ९० टक्के रक्कम उत्पन्नाच्या उतरंडीत सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात गेल्याचं दिसलं. पुढे आणखी एका अभ्यासात असंही आढळलं, की सवलत मिळवणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के कुटुंबांनी सवलत नसती तरी इलेक्ट्रिक गाडीच घेतली असती. आणि ज्या गाड्यांच्या जागी ही इलेक्ट्रिक गाडी आली, त्या मुळातच बऱ्यापैकी कमी इंधन पिणाऱ्या होत्या. ढेरपोट्या, धूर ओकणाऱ्या गाडीचा मालक होता तिथेच राहिला.

सवलत घेतलेल्यांनी गाडी चालवली तरी किती? डेव्हिस यांनीच २०१७च्या राष्ट्रीय प्रवास-सर्वेक्षणातून हिशेब काढला. त्या वेळी अमेरिकेत इलेक्ट्रिक गाडी वर्षाला सरासरी ७,००० मैल चालत होती, तर पेट्रोल-डिझेलची १०,२००. तेव्हाच्या गाड्यांची रेंज कमी होती आणि चार्जरही विरळ होते, हे मान्य. आजचं चित्र तसंच असेल असा माझा दावा नाही. पण त्या वर्षांत सरकारनं दिलेला प्रत्येक डॉलर अशा गाडीसाठी गेला जी सरासरीपेक्षा कमी धावत होती. लांबच्या प्रवासाला घरातली दुसरी, पेट्रोलवरची गाडी होतीच.

प्लग-इन हायब्रिडची कथा तर याहून वरची. बॅटरीही आहे आणि पेट्रोलचं इंजिनही, त्यामुळे कागदावर ती अत्यंत स्वच्छ दिसते. युरोपातल्या अनेक देशांनी तिला भरघोस सवलती दिल्या, विशेषतः कंपनीकडून मिळणाऱ्या गाड्यांवर. कर्मचाऱ्याला कर कमी लागला, कंपनीला कमी लागला, पेट्रोलचं बिल तर कंपनीच भरणार. मग रात्री घरी येऊन केबल कोण जोडणार? ब्रिटनमध्ये अशा काही गाड्या परत आल्या तेव्हा त्यांच्या डिकीतल्या चार्जिंग केबलवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं, अशा बातम्या आल्या होत्या. २०२२मध्ये आलेल्या एका युरोपीय अभ्यासात कंपनीच्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं विजेवर धावलेलं अंतर जेमतेम ११ ते १५ टक्के निघालं. २०२४मध्ये युरोपीय आयोगानं गाड्यांमध्येच नोंदल्या जाणाऱ्या इंधन-वापराची माहिती तपासली, तर या गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रमाणपत्रावरच्या आकड्याच्या साडेतीन पट होतं. या लोकांना मी लबाड म्हणणार नाही. सरकारनं त्यांना गाडी घेण्याचे पैसे दिले होते, त्यांनी गाडी घेतली. केबल जोडण्याचे पैसे कोणी दिलेच नव्हते.

अनुदानाचा विचार करताना चालकाच्या रोजच्या आयुष्याकडे बघितलं की आणखी एक गोष्ट दिसते. इलेक्ट्रिक गाडीचा खरा फायदा स्वतःच्या दारात गाडी लावायला जागा असलेल्याला होतो. रात्री घरच्या विजेवर गाडी चार्ज केली, की दर किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या मानानं किरकोळ होतो, आणि सकाळी गाडी भरलेली असते. बहुमजली इमारतीत राहणाऱ्याला किंवा रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणाऱ्याला सार्वजनिक चार्जरवर जावं लागतं. तिथे दर जास्त, रांग वेगळी, चार्जर बंद असण्याची धास्ती वेगळी. ब्रिटनमध्ये तर करही या अंतरात भर घालतो. घरच्या विजेवर मूल्यवर्धित कर ५ टक्के, सार्वजनिक चार्जरवरच्या विजेवर २० टक्के. म्हणजे अंगण असलेल्याला एक दर आणि अंगण नसलेल्याला चौपट. जुलै २०२५मध्ये त्या सरकारनं खरेदीसाठी पुन्हा ३,७५० पौंडांपर्यंतचं अनुदान सुरू केलं. हा कर मात्र होता तिथेच आहे. मला विचाराल तर त्या अनुदानातला एखादा हिस्सा हा फरक पुसायला वापरला असता तर रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्या माणसानं इलेक्ट्रिक गाडीचा विचार तरी केला असता. खरेदीचं अनुदान एकदा मिळतं आणि विसरलं जातं. चार्जरवरचं बिल दर आठवड्याला येतं.

त्यात आणखी एक विचित्र वळण आलं. नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात ब्रिटननं जाहीर केलं, की एप्रिल २०२८पासून इलेक्ट्रिक गाड्यांना दर मैलामागे ३ पेन्स भरावे लागतील. यामागचं कारण खरं आहे. पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी होत जाणार, आणि रस्ता तर सगळेच वापरणार. न्यूझीलंडनं १ एप्रिल २०२४पासून दर हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर घ्यायला सुरुवात केलीच होती. रस्त्याचं भाडं घेण्याला माझा विरोध नाही, ते कधी ना कधी येणारच होतं. पण एकाच सरकारचे दोन हात बघा. एक हात म्हणतो गाडी घे, पैसे देतो. दुसरा म्हणतो चालवशील तर पैसे घेतो. ज्याचा फायदा खरेदीत नसून चालवण्यात आहे, त्या वस्तूच्या बाबतीत हे अगदी उलटं झालं.

नव्या गाडीवरचं अनुदान जुन्या गाडीच्या बाजारात काय करतं, याची चर्चा फार कमी होते. बहुतेक लोक नवी गाडी घेतच नाहीत. ब्रिटनमध्ये २०२४ साली सुमारे साडेएकोणीस लाख नव्या गाड्या विकल्या गेल्या आणि ७६ लाखांहून अधिक जुन्या गाड्यांचे व्यवहार झाले. म्हणजे चारास एक. आता समजा, नव्या गाडीवर पाच हजारांचं अनुदान सुरू झालं. काल गाडी घेतलेल्याच्या गाडीची किंमत आज सकाळी साधारण तेवढीच खाली येते, कारण नवी गाडीच तेवढ्यानं स्वस्त मिळत असेल तर वापरलेलीला जुना भाव कोण देणार? ज्यानं अनुदानाशिवाय गाडी घेतली, त्याच्या खिशातून हे पैसे गेले. जुनी गाडी घेणाऱ्याला ती स्वस्त मिळते, हे खरं. पण त्याच वेळी त्याला बॅटरीची भीती असते. बहुतेक कंपन्या बॅटरीची आठ वर्षांची हमी देतात, आणि सहा वर्षांची गाडी घेणाऱ्यासमोर दोनच वर्षं उरलेली असतात. बॅटरीत किती जीव शिल्लक आहे हे सांगणारा विश्वासार्ह दाखला त्याला सहसा मिळत नाही. असा दाखला सक्तीचा केला तर सरकारला फारसा खर्च येणार नाही आणि या माणसाला अनुदानाहून जास्त उपयोग होईल. अमेरिकेनं २०२३पासून जुन्या इलेक्ट्रिक गाडीवरही ४,००० डॉलरपर्यंत सूट दिली होती, गाडीची किंमत २५ हजार डॉलरच्या आत असेल तर. २०२४पासून ती रक्कम डीलरकडेच किमतीतून वजा करून मिळू लागली. ‘कर कमी म्हणून सूट कमी’ हा जुना खोडा त्यामुळे निघाला. इतक्या वर्षांनी एक शहाणपणाची गोष्ट घडली होती. २०२५च्या जुलैमध्ये नवा कायदा झाला आणि ३० सप्टेंबरनंतर घेतलेल्या गाड्यांसाठी जुन्या-नव्या दोन्ही सवलती संपल्या.

संपलेल्या त्या अमेरिकी सवलतीच्या २०२३मधल्या नियमांतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. सूट मिळण्यासाठी साध्या मोटारीची किंमत ५५ हजार डॉलरच्या आत आणि एसयूव्हीची ८० हजारांच्या आत हवी, अशी मर्यादा होती. सुरुवातीला टेस्लाची पाच आसनी मॉडेल वाय ‘साधी मोटार’ या गटात पडली. जानेवारी २०२३मध्ये टेस्लानं तिची किंमत ६५,९९० डॉलरवरून थेट ५२,९९०वर आणली. फेब्रुवारीत सरकारनं व्याख्या बदलली, तीच गाडी एसयूव्ही ठरली, आणि लगेच किंमत थोडी वर सरकली. अनुदान ग्राहकाला मिळतं की कंपनीला, यावर अर्थशास्त्राची पुस्तकं भरली आहेत. कॅलिफोर्नियात कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या एका योजनेच्या अभ्यासात जवळपास सगळा फायदा ग्राहकापर्यंत पोहोचल्याचं दिसलंही आहे. म्हणजे कंपन्या नेहमीच डल्ला मारतात असं नाही. पण किमतीची रेघ सरकार जिथे ओढतं तिथे गाडी येऊन उभी राहते, एवढं नक्की. आणि असतील शितं तर जमतील भुतं, हेही आहेच. २०१६मध्ये चीनच्या अर्थ मंत्रालयानं पाच बस-उत्पादकांची नावं जाहीर केली. त्यांनी न बनवलेल्या किंवा अर्धवट बनवलेल्या गाड्या दाखवून सुमारे १ अब्ज युआनचं अनुदान लाटायचा प्रयत्न केला होता.

अनुदान काढून घेण्याची पद्धत तर बहुतेक ठिकाणी तऱ्हेवाईक. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एके काळी ५,००० डॉलरची राज्य-सवलत होती. केंद्राचे ७,५०० त्यात मिळवले, की अटलांटात निसान लीफ लीजवर जवळजवळ फुकटात पडायची. शहर लीफनं भरलं. १ जुलै २०१५ला राज्यानं सवलत काढली आणि वर वर्षाला २०० डॉलरचं शुल्क लावलं. विक्री कोसळली. हाँगकाँगनं १ एप्रिल २०१७पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या नोंदणी-करमाफीवर मर्यादा घातली. मार्चमध्ये टेस्लाच्या २,९३९ गाड्या नोंदल्या गेल्या होत्या, एप्रिलमध्ये एकही नाही. शून्य. न्यूझीलंडनं २०२३च्या शेवटच्या दिवशी आपली सवलत संपवली, तिथेही आधी झुंबड आणि मग शुकशुकाट.

या झुंबडीत चालकाचं काय होतं, ते बघा. मुदत संपण्याआधी घाईघाईनं, शोरूममध्ये जी उभी असेल ती गाडी घ्यायची. घरी चार्जर बसेल का, इमारतीची परवानगी मिळेल का, आपल्याला रेंज नेमकी किती लागते, याचा विचार करायला वेळ नाही. उशीर झालेल्यानं मग वर्षभर थांबायचं, ‘पुढचं सरकार पुन्हा सुरू करेल’ या आशेवर. म्हणजे एक घाईनं चुकीची गाडी घेतो आणि दुसरा योग्य वेळी गाडी घेतच नाही. जर्मनीतल्या त्या डिसेंबरनंतर अनेकांनी थांबणं पसंत केलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

यावर नॉर्वेचं नाव घेतलं जाणार हे मला ठाऊक आहे. घेतलं पाहिजेच. २०२४मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८८.९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. पण नॉर्वेची गोष्ट सुरू कुठे होते? १९८९मध्ये ‘आ-हा’ या पॉप गटातले मॉर्टेन हार्केट आणि माग्ने फुरुहोल्मेन, आणि पर्यावरण कार्यकर्ते फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी, बदल करून घेतलेली एक फियाट पांडा देशात आणली. ते ती टोल न भरता चालवायचे. दंड व्हायचा, ते भरायचे नाहीत. गाडी जप्त व्हायची, लिलाव व्हायचा, आणि कोणी दुसरा बोली लावत नसल्यानं ते ती परत विकत घ्यायचे. पुन्हा टोलनाका, पुन्हा जप्ती. या सगळ्यात त्यांनी सरकारकडे रोख रक्कम मागितली नव्हती. गाडी चालवताना अडवू नका, एवढंच मागणं होतं. १९९०मध्ये खरेदीवरचा नोंदणी कर माफ झाला, १९९७मध्ये टोल, २००१मध्ये मूल्यवर्धित कर, आणि २००५मध्ये बसच्या मार्गिकेतून जायची मुभा मिळाली. शेवटची सवलत बघा. ती शोरूममध्ये मिळत नाही, रोज सकाळी रस्त्यावर मिळते, आणि जो रोज गाडी काढतो त्यालाच मिळते.

नॉर्वेनं लोकांना धनादेश वाटले नाहीत. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर वजनाप्रमाणे आणि उत्सर्जनाप्रमाणे जबर कर लावला आणि इलेक्ट्रिक गाडीला त्यातून वगळलं. ते तीसहून अधिक वर्षं टिकवलं, आणि काढायला सुरुवात केली तीही पायरीपायरीनं. २०२३पासून मूल्यवर्धित कर ५ लाख क्रोनवरच्या रकमेवर लागू झाला, त्याखालची रक्कम मोकळीच राहिली. तेलाच्या पैशावर उभ्या असलेल्या, मोठा मोटार-उद्योग नसलेल्या छोट्या देशाला हे जमलं, म्हणून ते सगळ्यांना जमेल असं नाही. तरी तिथे लोकांना वर्षानुवर्षं पुढचं दिसत होतं, ही गोष्ट पैशाहून मोलाची होती.

नॉर्वेचंही सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. बसच्या मार्गिकेत इलेक्ट्रिक गाड्या इतक्या झाल्या, की बसच अडकायला लागली. बसमध्ये उभ्यानं जाणाऱ्या पन्नास माणसांचा वेळ एकेकट्या चालकांना देऊन टाकला जात होता. २०१५मध्ये ऑस्लोजवळच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी गाडीत आणखी एक प्रवासी हवा अशी अट घालावी लागली. चालवण्याला दिलेली सवलत बसमधल्या माणसाला गाडीत ओढते, हा धोका खरा आहे, आणि माझ्याच मुद्द्याला तो टोचतो. जास्त चालवणाऱ्याला जास्त द्या म्हटलं तर लोक उगाच गाडी पिदडत फिरतील, असा आक्षेप कोणीही घेईल.

त्याचं उत्तर मी असं देईन. दर किलोमीटरला पैसे मोजायचे नाहीत. जो आधीपासूनच नाइलाजानं खूप गाडी चालवतो, त्याला आधी गाठायचं. टॅक्सीचालक, घरपोच माल पोहोचवणारे, घरोघरी जाऊन रुग्ण तपासणारी परिचारिका, जिथे बस जात नाही तिथून कामावर येणारा माणूस. यांचे किलोमीटर अनुदानानं वाढणार नाहीत, ते आहेतच. फक्त पेट्रोलवरून विजेवर येतील. भारताच्या फेम-२ योजनेत, २०१९ ते २०२४, चारचाकींचं खरेदी-अनुदान व्यावसायिक नोंदणीच्या गाड्यांपुरतंच होतं, खासगी गाडीला नव्हतं. या योजनेत खोट काढायला इतर जागा आहेत, पण हा एक निर्णय मला बहुतेक श्रीमंत देशांच्या योजनांहून समंजस वाटतो. टॅक्सीचालकाला मात्र नुसतं अनुदान पुरत नाही. गाडी चार्जरवर उभी असते तेवढा वेळ त्याची कमाई थांबते. तो जिथे राहतो तिथे रात्री स्वस्तात चार्जिंग होत नसेल, तर अनुदानात मिळालेले पैसे वर्षभरात दिवसाच्या जलद चार्जरवर परत जातात.

एक गोष्ट मान्य करायला हवी. श्रीमंतांना दिलेल्या सुरुवातीच्या अनुदानांनी एक काम केलं. महागड्या गाड्या कोणीतरी आधी घेतल्याशिवाय बॅटरी स्वस्त झाली नसती. २०१०च्या सुमाराला बॅटरीच्या दर किलोवॅट-तास क्षमतेला हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत, २०२४मध्ये ब्लूमबर्गच्या पाहणीत हा सरासरी भाव ११५ डॉलरवर आला होता. पहिल्या गिऱ्हाइकांनी शिकण्याची फी भरली आणि तिचा मोठा भाग करदात्यांच्या खिशातून गेला, असं म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण ती शाळा आता संपली आहे. दहा वर्षांपूर्वी पहिला खरेदीदार शोधायचा होता. आज तिसरा आणि चौथा मालक शोधायचा आहे, आणि त्याला शोरूममध्ये मिळणाऱ्या सवलतीचा उपयोग नाही, कारण तो शोरूममध्ये येतच नाही.

फ्रान्सनं जानेवारी २०२४मध्ये एक वेगळा प्रयोग केला. महिन्याला साधारण १०० युरो भरून इलेक्ट्रिक गाडी भाड्यानं. पात्रतेच्या अटी वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे कोणीतरी रस्त्याकडे बघून लिहिलं आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवं, आणि कामाचं ठिकाण घरापासून १५ किलोमीटरहून लांब, किंवा कामासाठी वर्षाला ८,००० किलोमीटरहून जास्त गाडी चालवत असल्याचं दाखवता आलं पाहिजे. तुम्ही किती चालवता, हा प्रश्न अखेर अर्जातच आला. पहिल्या वर्षासाठी ठरवलेला कोटा बघता बघता संपला. शेवटी ५० हजार गाड्या मंजूर करून फेब्रुवारीच्या मध्यावर सरकारनं योजना थांबवली, तेव्हा ९० हजारांहून जास्त अर्ज येऊन पडले होते. ती पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. मधल्या दीड वर्षात त्या उरलेल्या चाळीस हजार लोकांपैकी बहुतेकांनी कामावर जाताना काय चालवलं असेल, याचा अंदाज करायला अभ्यासाची गरज नाही.